बोटीवरच्या जेवणाला काय घातलंत? पुरुषांनो, अनुभव सांगा

मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीत. एकीकडून दुसऱ्याकडे जाताना विमान सोडून साउथॅम्प्टनहून 'क्वीन मेरी २'ने न्यूयॉर्कला गेलो. सात रात्री. सौ.च्या कपड्यांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला : दोन पैठण्या, बाकी रोजच्या साड्या. माझा दीड महिना चालला.

नियम तसे सोपे. संध्याकाळी सहानंतर मुख्य डायनिंग रूममध्ये नीटनेटकं यायचं, कॉलरचा शर्ट आणि फुल पँट. गाला नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायच्या खास रात्री, मात्र टक्सीडो (बो लावून घालायचा काळा समारंभी सूट) किंवा गडद सूट, बो नाहीतर टाय. किंवा तुमच्या देशाचा समारंभाचा पोशाख. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मुलीच्या लग्नात लक्ष्मी रोडवर शिवलेला काळा बंदगळा कपाटात होता. टाय नको, बो नको, कफलिंकची भानगड नको.

अंगावर चढला, पण गळ्याचा हूक लागेना. सौ.ने केबिनमध्ये बसून तो उसवला आणि अर्धा इंच सरकवून पुन्हा टाचला. तरी सूपचा प्रत्येक घोट हुकापाशी थांबून खाली जायचा. शेजारच्या टेबलावर किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा पुरुषांचा चौकड्यांचा स्कर्ट, घातलेले एक स्कॉटिश आजोबा होते. कोट निरखून म्हणाले, "राजस्थान?" मी म्हटलं, पुणे. त्यांना ते जोधपूरच्या शेजारचं गाव वाटलं असावं.

तुमचं कसं झालं? बोटीचं नाव लिहा, कारण प्रत्येकीचं शास्त्र वेगळं दिसतंय.

*

आम्ही उलटे फसलो. नॉर्वेच्या किनाऱ्याने 'व्हायकिंग'ची बोट, बर्गनहून. लग्झरी म्हटल्यावर सूट हवाच, असं मीच ठरवलं. कंपनीने पाठवलेली माहिती वाचली नाही. तिथे फॉर्मल नाइट हा प्रकारच नाही, टायसुद्धा लागत नाही. सूट, दोन टाय आणि जड काळे बूट नाशिकहून निघाले, आठवडाभर कपाटात लटकले आणि नाशिकला परत आले. त्या जागेत एक जाडसा स्वेटर मावला असता. डेकवर रोज त्याची आठवण यायची. 'ओशियानिया'च्या बोटींवरही फॉर्मल नाइट नसते, हे नंतर कळलं.

*

टक्सीडो भाड्याने घेणार असाल तर बो आधीच बांधलेला, मागे हूकवाला घ्या. मी हौसेने हाताने बांधायचा घेतला. व्हिडिओ बघून चाळीस मिनिटं आरशासमोर झटापट. शेवटी बायकोने माझ्या मागे उभं राहून, स्वतःच्या गळ्यात बांधते आहे असं समजून बांधला. जरा वाकडा, पण बसला.

आणि कंबरेचा तो रेशमी पट्टा, कमरबंद? त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतात. मी पहिल्या रात्री उलटा बांधला होता. शब्दही आपल्याकडचा, इंग्रज साहेब हिंदुस्थानातून घेऊन गेला, आणि मी कूपर्टिनोत शंभर डॉलर मोजून तो भाड्याने आणला!

*

मी वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं बोटीवर डायनिंगला होतो, म्हणून ट्रे धरणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

पहिल्या रात्रीचं टेन्शन घेऊ नका. बॅगा केबिनला उशिरा पोचतात, म्हणून त्या रात्री नटायचं नाही हा जुना रिवाज आहे. घरची इस्त्री आणू नका. आगीच्या भीतीने ती तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. लाँड्रीत इस्त्रीची सोय आहे का ते विचारून घ्या.

आमची नजर कोटावर नंतर, आधी बुटांवर. भारी सूट आणि खाली पांढऱ्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज, असे पाहुणे दर फेरीला चार-पाच असायचेच. कुणी अडवायचं नाही, पण हेडवेटर भिंतीकडच्या टेबलाकडे घेऊन जायचा. काळे लेदर बूट घरूनच आणा, नवीन असतील तर आधी आठवडाभर घरात घाला. जॅकेट विसरलात तर आमच्याकडे द्यायला दोन-तीन असायची, पण ती चव्वेचाळीस साइझची. बारीक माणसाची बोटं बाहीतून दिसायची नाहीत. त्याला काटा-सुरी धरताना बघवत नसे.

*

एवढा खर्च करून जायचं आणि पुन्हा ऑफिसचा युनिफॉर्म? सात रात्री बुफेत जेवलो, साध्या टी-शर्टात. जेवण उत्तम होतं. बायको गाला नाइटला मैत्रिणींबरोबर गेली, मी तिचे फोटो काढले आणि वर येऊन तीन वाट्या आइस्क्रीम खाल्लं. कुणीही दया दाखवू नये.

*

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणाले, सूट आयुष्यात घातला नाही, आता समुद्रात कशाला? मी कंपनीला मेल करून विचारलं, राष्ट्रीय पोशाख चालेल ना? उत्तर आलं, आनंदाने. ते कुठला पोशाख समजले होते कोण जाणे. बाबांनी धोतर नेसलं, वर काळा लांब कोट, डोक्याला काळी टोपी. पायात पंप शू. बायकोने धोतराला दोन सेफ्टी पिना लावून दिल्या, त्या त्यांनी लिफ्टमध्ये काढून माझ्या हातात ठेवल्या. "साठ वर्षं सुटलं नाही, आज सुटणारे का?"

डायनिंग रूममध्ये कुणी काही बोललं नाही. वेटरने खुर्ची ओढताना त्यांना दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त वाकून नमस्कार केला, एवढं दिसलं. गडबड झाली ती जेवणानंतर डेकवर. वारा असा, की सोगा सुटून शेजारच्या बाईंच्या गाऊनवर. त्या हसत सुटल्या, बाबा ओशाळले. पुढच्या गाला नाइटला ते पुन्हा धोतर नेसूनच निघाले, फक्त सोगा कोटाच्या खिशात खोचला होता.