मदत हवी आहे: हार्डवेअरकडे वळावे की सॉफ्टवेअरकडे?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील असून इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. पुढील सत्राचा ऐच्छिक विषय निवडायचा आहे. माझा ओढा चिप डिझाइनकडे आहे, मात्र बहुतेक वर्गमित्र जावा, पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सच्या तयारीला लागले आहेत.

सॉफ्टवेअरची सोय मला मान्य आहे, कारण लॅपटॉप आणि इंटरनेट असले की गावी राहूनही सराव होतो. हार्डवेअरचे तसे नाही. व्हेरिलॉग या सर्किटचे वर्णन करणाऱ्या भाषेत लिहिलेले सर्किट मोफत सिम्युलेटरवर तपासता येते. परंतु तेच एफपीजीए (हवे ते सर्किट बसवता येणारी चिप) बोर्डावर उतरवल्यावर सिग्नलला होणारा विलंब आणि क्लॉकचा (सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलचा) मेळ यांतून ज्या अडचणी उभ्या राहतात, त्या प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय समजत नाहीत, आणि सिग्नल पडद्यावर दाखवणारा चांगला ऑसिलोस्कोप विकत घेणे आमच्या घराला परवडणारे नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केल्यापासून घरचेही या क्षेत्राविषयी आस्थेने विचारतात. तथापि गुजरातमधील साणंद किंवा धोलेरा येथील प्रकल्प निर्मितीचे आहेत. डिझाइनचे काम मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद आणि नोएडा येथे चालते.

या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे: चिप डिझाइनमध्ये शिरण्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करणे अपरिहार्य आहे का? सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलर (उपकरणे चालवणारी छोटी चिप) पक्के करून आधी फर्मवेअरची, म्हणजे अशा चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, नोकरी धरली, तर पुढे चिप डिझाइनकडे वळता येते का?