मदत हवी आहे: सतरा वेळा १ लिहून होणारी संख्या मूळ की संयुक्त?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीला कापरेकरांच्या डेम्लो संख्या दाखवत होतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते आणि हे नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनावरून ठेवलं, हे ऐकून पोरं खूश. तास संपल्यावर एक मुलगी फळ्यापाशी आली. नुसते एक लिहीत गेली, प्रत्येकाखाली खडूचं टिंब देऊन सतरा मोजले आणि म्हणाली, "ह्याला कशानं भाग जातोय सांगा की ओ सर."

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं होतं. ओळीत आकडे मावेनात म्हणून वही आडवी धरली होती. बाकी कुठंच शून्य नाही.

एक्सेलमध्ये घातली तर शेवटच्या दोन एकांची शून्यं झाली; ते पंधराच अंक धरतं. मग बेळगावात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. त्यानं पायथनमध्ये फर्माची कसोटी लावली: न मूळ असेल आणि अ ला न नं भाग जात नसेल, तर अ चा (न−१) वा घात न नं भागल्यावर बाकी १ उरते. अ = १० घेतलं तर बाकी १ आली. अ = २ घेतलं तर आली नाही. एकच संख्या, एकच कसोटी, मग हे असं का? आणि संयुक्त असेल तर अवयव कसे शोधायचे? नुसतं उत्तर नको, नववीच्या मुलीला हातानं करून बघता येईल अशी वाट हवी.

प्रतिसाद १

सर, संख्या संयुक्तच आहे. २ नं एकदा नापास केली की निकाल लागला. १० चं पास होणं इथं पुरावाच नाही.

कारण बघा. न म्हणजे आपले सतरा एक. १० चा १७ वा घात म्हणजे ९न + १, म्हणून न नं भागल्यावर बाकी १. आता न−१ म्हणजे सोळा एक आणि शेवटी शून्य. सोळा एकांना १७ नं पूर्ण भाग जातो, भागाकार ६५३५९४७७१२४१८३. म्हणजे न−१ हा १७ च्या पटीतला, आणि १० च्या त्या घाताची बाकी १ येणारच, न मूळ असो वा नसो.

ह्याच धाग्यानं अवयवही सापडतात. न चा मूळ अवयव प घ्या. १० चा १७ वा घात प नं भागला की बाकी १ उरते आणि त्याहून लहान घाताला उरत नाही; फर्माप्रमाणे (प−१) व्या घातालाही बाकी १ च, म्हणून प−१ ला १७ नं भाग जातो. प विषम, म्हणजे तो ३४क + १ (क = १, २, ३...) अशाच रूपाचा. बाकीच्यांना हात लावायला नको. क = ६०९३३ ला सापडतो: २०७१७२३. दुसरा ५३६३२२२३५७.

मुलीला पाच एक द्या. तिथं अवयव १०क + १ रूपाचे: ११, २१, ३१, ४१. चौथ्यालाच ४१ × २७१.

धागाकर्ता

फार आभार. आज फळ्यावर पाच एक करून घेतले. मग सात एक तिनं स्वतःच मांडले, १४क + १ धरून. सतराव्या खेपेला २३९ सापडला, ४६४९ शी गुणून पडताळाही तिनंच केला. उद्या एकोणीस एक घेणार म्हणते.

प्रतिसाद १

सर, एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, तेवीस एकांचीही. वही संपायच्या आत सांगून टाका!