शब्दचर्चा : ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ला ‘खटक्यांचा कळफलक’ म्हणावे काय?

रत्नागिरी

घरात एक छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याचा विचार आहे. धाकटा भाऊ त्यावर गेम खेळणार आणि मी मराठी मजकूर टंकणार. पैसे मात्र तीन हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असे ठरले आहे. पाचशे रुपयांचा कीबोर्ड धडधाकट चालत असताना हा दुसरा कशासाठी, असे वडिलांनी विचारले, तेव्हा लक्षात आले की लिनिअर, टॅक्टाइल, हॉट-स्वॅप हे शब्द मी सर्रास वापरतो खरे, पण त्यांचा अर्थ मराठीत सांगायची वेळ आली की अडखळतो. ‘यांत्रिक कळफलक’ म्हणून पाहिले, तर ते म्हणाले, ‘‘मग आत्ताचा काय मंत्राने चालतो?’’ तरी ‘मेकॅनिकल’, ‘स्विच’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ या तिन्हींसाठी चालतील असे शब्द जाणकारांनी सुचवावेत, आणि जमल्यास निवडीबद्दलही दोन शब्द सांगावेत.

गुहागर

आपल्या वडिलांचा आक्षेप बिनतोड आहे. ‘यांत्रिक’ हे विशेषण मराठीत एक तर यंत्राशी संबंधित या अर्थाने येते, नाहीतर मन न घालता उरकलेल्या कामाला लागते; दोन कीबोर्डांमधला फरक त्यातून कळत नाही. फरक आहे तो कळेच्या खाली, तेव्हा नावही तिथूनच घ्यावे. विजेचे बटण, छत्री उघडण्याची कळ, उंदराच्या पिंजऱ्याचे दार पाडणारी तार, या सगळ्यांना आपण ‘खटका’ म्हणत आलो आहोत, आणि दाब एका ठरावीक मर्यादेपर्यंत गेला की काम झाले, हा त्या सगळ्यांचा समान गुण आहे. दोन माणसांत ‘खटका उडतो’ तोही असाच. म्हणून ‘स्विच’साठी ‘खटका’ आणि संपूर्ण वस्तूसाठी ‘खटक्यांचा कळफलक’ असे माझे मत आहे. दुकानात मात्र ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ असेच मागावे. तिथे शब्दशुद्धीचा आग्रह धरल्यास माल मिळायला उशीर होईल.

मालवण

मी संगणकदुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे गुहागरच्या सरांच्या ‘खटका’ या शब्दाला माझ्या बाजूने पुष्टी देतो. साधा कीबोर्ड उघडला तर आत प्लास्टिकचे पातळ पडदे आणि त्यांवर रबराच्या घुमट्या दिसतात. कळ दाबली की घुमटी बसते, पडद्यांवरच्या रेघा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. खटक्यांच्या कळफलकात प्रत्येक कळेला तिचा स्वतंत्र खटका असतो, आणि त्यात प्लास्टिकची एक खुंटी, एक स्प्रिंग व धातूच्या दोन पट्ट्या असतात. नेहमीच्या खटक्यात खुंटी एकंदर चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटते. बोट तळाला आपटावे लागत नाही, हा खरा फायदा. रबराच्या घुमटीत तो मिळत नाही, कारण ती जवळजवळ पूर्ण बसल्याशिवाय काम करत नाही. वडिलांना सांगायचे ते एवढेच.

खटक्यांच्या रंगांचे म्हणाल, तर ती पद्धत जर्मनीतल्या चेरी कंपनीच्या एमएक्स खटक्यांवरून पडली. त्यांचे पेटंट २०१४ च्या सुमारास संपले आणि गेटरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे खटके स्वस्तात काढले. आज हजारांच्या हिशेबात खटक्यांचा कळफलक मिळतो तो त्यामुळे. लाल खटका खालपर्यंत विनाअडथळा जातो आणि चेरीच्या मापाने त्याला सुमारे ४५ ग्रॅम वजनाएवढा दाब लागतो. तपकिरी खटक्यात मध्ये एक हलका उंचवटा बोटाला लागतो आणि दाब सुमारे ५५ ग्रॅम असतो. निळ्यात उंचवटा असतोच, शिवाय तो ‘टक्’ असा वाजतो आणि दाब ६० च्या आसपास जातो. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. रात्री निळ्या खटक्यांवर गेम सुरू झाला की शेजारच्या खोलीत कोणाला झोप लागणार नाही, हे भावाला आधीच सांगून ठेवावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी, जी मुंबई-पुण्याच्या समीक्षकांच्या लेखांत सहसा नसते. खाऱ्या दमट हवेत खटक्यातल्या पट्ट्यांवर थर धरतो, आणि मग एकदा दाबलेली कळ दोन अक्षरे उमटवते किंवा एकही उमटवत नाही. पावसाळा सरला की माझ्या टेबलावर असे कळफलक येतात. कळेची टोपी काढून पाहावे तर कळांच्या मधल्या पत्र्यावर तांबूस ठिपके आलेले असतात आणि बाहेरून मात्र वस्तू नवीकोरी दिसते. काइलच्या ‘बॉक्स’ जातीच्या खटक्यांत पट्ट्यांचा जोड एका बंद डबीत ठेवलेला असतो आणि कंपनी त्याला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी५६ दर्जा सांगते. किमतीत बसत असतील तर आपल्या हवेसाठी ते चांगले.

रत्नागिरी

मनापासून आभार. आता ‘कॉम्पॅक्ट’बद्दल विचारतो. भावाचा डोळा ६१ कळांच्या, ज्याला ‘सिक्स्टी पर्सेंट’ म्हणतात, त्या कळफलकावर आहे, कारण माऊस फिरवायला जागा मोकळी राहते. ‘साठ टक्के’ म्हटले की आमच्या घरी प्रथम श्रेणीच आठवते. हे टक्के नेमके कशाचे?

देवगड

हे टक्के अंदाजी आहेत. पूर्ण कळफलकाच्या १०४ कळा धरल्या तर ६१ म्हणजे साठाच्या जवळ जातात. पण ८७ कळांच्या, उजवीकडचा आकड्यांचा भाग काढलेल्या कळफलकाला ‘ऐंशी टक्के’ म्हणतात आणि तिथे हिशेब जुळत नाही. शब्दाबद्दल माझे मत असे की ‘छोटा’ किंवा ‘लहान’ नको, कारण कळांचा आकार कमी होत नाही, फक्त संख्या कमी होते. ‘सुटसुटीत’ चालेल, पण त्यात अडगळ नसल्याचा भाव अधिक आहे. ‘आटोपशीर’ मला सर्वांत नेमका वाटतो. हाताच्या आवाक्यात सगळे आटोपते, हा अर्थ त्यात आहे. ‘अफोर्डेबल’लाही ‘स्वस्त’ म्हणू नये, ‘परवडणारा’ म्हणावे. स्वस्तपणा वस्तूचा असतो आणि परवडणे घेणाऱ्याचे असते.

आटोपशीरपणा किती पेलेल, हे मात्र तुम्ही मराठी कोणत्या पद्धतीने टंकता यावर अवलंबून आहे. मी अनेक वर्षे लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवते, आणि माझी पद्धत इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण कळरचनेची आहे. तीत वरची आकड्यांची ओळ अत्यावश्यक असते, कारण शिफ्टसह ५, ६, ७ आणि ८ दाबले की ज्ञ, त्र, क्ष आणि श्र येतात. म्हणून आकड्यांची ओळच नसलेल्या ‘चाळीस टक्के’ कळफलकांकडे मराठी माणसाने पाहू नये. ६१ कळांत सगळी अक्षरे बसतात, ‘डॉक्टर’मधला ॉसुद्धा. अडचण बाणांची आहे. काही ६१ कळांच्या कळफलकांवर वरचा बाण आणि तिरपी रेघ (/) एकाच कळेवर असतात, आणि एक जोडकळ दाबून ती कळ बाणाकडे वळवता येते. इनस्क्रिप्टमध्ये तिरप्या रेघेच्या कळेवर ‘य’ आहे. भावाने गेमसाठी ती कळ बाणाकडे वळवून ठेवली, तर तुम्ही ‘य’ दाबाल आणि कर्सर वरच्या ओळीत जाऊन बसेल.

दुकानात गेलात तर पैसे देण्याआधी दोन शब्द टंकून पाहा : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या, आणि टंकताना फरक फक्त एका शिफ्टचा आहे. इंग्रजी जे नुसता दाबला तर ‘र’, शिफ्टसह दाबला तर ‘ऱ’, मग हलन्त, मग तिरप्या रेघेवरचा ‘य’, शेवटी काना. उजव्या हाताच्या कळेसाठी शिफ्ट डाव्या करंगळीने दाबायची असते, आणि ख, घ, थ, ध, फ, भ, ळ ही सगळी अक्षरे शिफ्टवरच आहेत. डाव्या हाताच्या अक्षरांसाठी उजवी शिफ्ट लागते, उदाहरणार्थ ‘अ’. बाण कोंबण्यासाठी काही कळफलकांत उजवी शिफ्ट एका साध्या कळेएवढी करून टाकलेली असते. तिथे करंगळी शिफ्टऐवजी बाणावर पडते. माझी शिफारस सुमारे ६८ कळांची. त्यात बाण स्वतंत्र असतात, डिलीटची कळ बहुधा असते, आणि माऊसलाही जागा उरते.

गुहागर

ताईंचे ‘दर्या-दऱ्या’ मी वर्गात वापरले असते. एक सूचना करतो. ‘कळा’ हे अनेकवचन शीर्षकात टाळावे. ‘६८ कळा’ वाचून आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका सुईणीची चौकशी करतील. खटक्यांच्या तीन जातींसाठी, म्हणजे लाल (लिनिअर), तपकिरी (टॅक्टाइल) आणि निळ्यासाठी (क्लिकी), अनुक्रमे ‘सरळ’, ‘टप्प्याचा’ आणि ‘बोलका’ हे शब्द सुचवतो. टॅक्टाइलला ‘स्पर्शसंवेदी’ म्हणू नये, कारण ते विशेषण मोबाइलच्या पडद्याकडे गेले आहे. आणि क्लिकीला ‘टिचकीचा’ म्हटले तर माऊसच्या टिचकीशी घोळ होईल.

मालवण

‘बोलका खटका’ उत्तम आहे, मी गिऱ्हाइकांशी बोलताना वापरीन. हॉट-स्वॅपला ‘बदलते खटके’ म्हणू या. अशा कळफलकात खटका डाग न देता (सोल्डर न करता) खाचेत बसवलेला असतो आणि चिमट्याने उपटून दुसरा लावता येतो. खाऱ्या हवेने चार खटके बिघडले तर चारच बदलावे लागतात. कमी किमतीच्या काही कळफलकांच्या खाचा फक्त आउटेमूच्या बारीक पिनांसाठी केलेल्या असतात, आणि त्यांत दुसऱ्या कंपनीचा खटका जात नाही, म्हणून वर्णनात हे पाहून घ्यावे. बिनतारी घेऊ नये. या किमतीत बिनतारीचे पैसे खटक्यांमधून कापले जातात. रंगीत दिव्यांचेही तसेच.

दोघांसाठी मिळून घ्यायचा असल्याने टप्प्याचे तपकिरी खटके घ्यावेत, आणि भावाला हवे असतील तर फक्त डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांखाली सरळ लाल खटके घालावेत. गेममध्ये चालणे-वळणे याच चार कळांवर असते.

देवगड

दादा, बाकी सगळे मान्य, पण एवढे करू नका. इनस्क्रिप्टमध्ये त्या चार कळांवर ऐकार, ओकार, एकार आणि हलन्त आहेत. ‘तेथे’, ‘होते’, ‘प्रत्येक’ असा कोणताही साधा मजकूर घ्या, डावा हात सतत तिथेच असतो. नेमक्या त्या कळा बाकीच्यांपेक्षा हलक्या झाल्या तर बोट जरा टेकताच मात्रा उमटेल, आणि हलन्त एकदा जास्त पडला की नको तिथे जोडाक्षर होईल.

रत्नागिरी

हे भावाला वाचून दाखवले. त्याने सरळ खटक्यांचा हट्ट सोडला आहे, मात्र बदल्यात त्याला स्पेसबारखाली लाल खटका हवा आहे. मराठीत तिथे मोकळ्या जागेशिवाय काही नसल्याने माझी हरकत नाही. ६८ कळांचा, टप्प्याच्या बदलत्या खटक्यांचा आणि वायरचा असा कळफलक अठ्ठावीसशेला दिसतो आहे. खटके उपटण्याचा चिमटा सोबत येतो का, हे मात्र वर्णनात लिहिलेले नाही.

मालवण

बदलत्या खटक्यांच्या कळफलकासोबत तो बहुधा येतो. नाही आला तर वेगळा फार महाग पडत नाही. स्क्रूड्रायव्हरने मात्र खटका उचकटू नये, खाच खालच्या पट्टीवरून सुटून येते आणि मग डाग द्यावाच लागतो.