लहान गृहबांधणीत ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत चालेल का?

प्रश्न (ठेकेदार, लातूर):
आमच्या तीन मजली इमारतीचे काम चालू आहे. बारचार्ट (कामांच्या तारखांचा पट्टीतक्ता) असूनही काम मागेच पडते; गिलाव्याचे गवंडी येतात तेव्हा इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या (वायरिंगसाठी भिंतीत पाडायच्या खाचा) मारून झालेल्या नसतात, आणि झिऱ्या होतात तोवर गवंडी दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. ‘लास्ट प्लॅनर’सारखे लीन नियोजन (खोळंबा आणि वाया जाणारे श्रम टाळणारे नियोजन) एवढ्या लहान कामावर बसते का?

उत्तर १ (साइट इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर):
बसते, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरही लागत नाही. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ‘लास्ट प्लॅनर’ (शेवटचा नियोजक) पद्धतीत पुढच्या आठवड्याच्या कामाचा शब्द ऑफिसने नव्हे, तर काम करवून घेणाऱ्या शेवटच्या माणसाने, म्हणजे सेंट्रिंगचा (स्लॅबखालच्या साच्याचा) मिस्त्री, गवंड्यांचा मुकादम किंवा प्लंबर यांनी द्यायचा असतो. मजुरी वाटपाच्या दिवशी सर्वांना एकत्र बसवा. तुमच्या मुकादमाने समोरच इलेक्ट्रिशियनला विचारावे, ‘दुसऱ्या मजल्याच्या झिऱ्या बुधवारी मिळतील का?’ ‘नाही’ असे उत्तर आले, तर तो गिलावा त्या आठवड्यात धरूच नये. आठवडाअखेर ठरलेल्या २० कामांपैकी १२ पूर्ण झाली, तर ६० टक्के लिहावेत. अर्धवट काम पूर्ण धरू नये आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण नोंदवावे.

उत्तर २ (स्थापत्य सल्लागार, नांदेड):
वरील मताशी सहमत आहे. मात्र त्या टक्केवारीवरून कुणाचे पैसे कापू नयेत, नाहीतर माणसे जपून, कमीच शब्द देऊ लागतात. आपल्या भागात खरा फायदा पुढील सहा आठवड्यांतील अडथळे आधीच हेरण्यात आहे. मृगाचा पाऊस झाला की बिगारी पेरणीसाठी गावी जातात, हे माहीत असूनही आपण जूनमध्ये स्लॅब धरतो. उन्हाळ्यात पाण्याचे तसेच आहे: आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार उष्ण व कोरड्या हवेत क्युरिंग (काँक्रीट सतत ओले ठेवणे) किमान १० दिवस हवे, आणि मिश्र सिमेंटसाठी (फ्लाय अॅशसारखे घटक मिसळलेल्या) ते १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे, म्हणून तेवढ्या दिवसांच्या टँकरची सोय पक्की झाल्याशिवाय मे महिन्यातल्या स्लॅबची तारीख देऊच नये. वेळ वाचवायचा तो दोन कामांमधल्या खोळंब्यातून. क्युरिंगच्या किंवा टेकू काढण्याच्या मुदतीतून कधीही नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नियोजनाचा घटक मजला धरावा की फ्लॅट?

उत्तर १:
स्लॅबपर्यंत मजला, वीटकामानंतर फ्लॅट. एक फ्लॅट मोकळा झाला की पुढच्या कारागिराला आत जाता येते, पूर्ण मजल्याची वाट पाहावी लागत नाही.