मदत हवी आहे: न्यूझीलंड आणि भारत, गुराढोरांच्या वायूंचा हिस्सा ताडून कसा पाहायचा?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे आमचं गाव. रविवारी शेतकरी गटाची बैठक आहे, तिथे मला पंधरा मिनिटं बोलायचंय. मागच्या बैठकीत एका पाहुण्यांनी न्यूझीलंडचा तक्ता दाखवला: देशाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेतीतून, आणि त्यातले बहुतेक गुरामेंढरांचे. मग म्हणाले, "तुमच्या गोठ्यातही हेच चाललंय." समोर बाबा बसले होते. आमच्याकडे गवळाऊ बैलांची एक जोडी आणि दोन म्हशी, त्याही कुटारावर नि सरकीच्या ढेपेवर पोसलेल्या. घरी येईस्तोवर बाबा एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून मी आकडे शोधले. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात 2016 चं उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात, सुमारे 284 कोटी टन आहे. शेतीचा हिस्सा 14 टक्के. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा, म्हणजे एकूणाच्या साधारण 8 टक्के. उरलेल्यात शेणखत, रासायनिक खतं आणि भंडारा-गोंदियाकडे असतं तसं पाण्यात उभं धान.

अडलंय ते इथे. 2019 च्या पशुगणनेत आपली गाई-बैलं 19 कोटींवर, म्हशी जवळपास 11 कोटी. न्यूझीलंडची गुरं जेमतेम कोटभर, मेंढ्या अडीच कोटींच्या आसपास. तरी त्यांचा हिस्सा आपल्यापेक्षा इतका मोठा कसा? गावातल्या माणसाला हे कसं सांगू?

उत्तर: ताई, छेद बघा, म्हणजे ज्याने भागून हा हिस्सा निघतो ते देशाचं एकूण उत्सर्जन. न्यूझीलंडची चार पंचमांशाहून जास्त वीज पाणी, भूगर्भातली उष्णता आणि वारा यांवर होते. आपल्या छेदात कोळसा बसलाय. चंद्रपूर नि कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची धुराडी तुमच्या लोकांनी पाहिलीच आहेत, तिथूनच सुरुवात करा. शिवाय तिकडे माणसं पन्नास लाखांच्या घरात, म्हणजे माणशी दोन गुरं. आपल्याकडे चार-पाच माणसांमागे एक.

पण हिस्सा लहान म्हणून आपली जनावरं कमी वायू सोडतात, असं मात्र सांगू नका. त्या 8 टक्क्यांचे सुमारे 22 कोटी टन होतात. न्यूझीलंडचं सगळं उत्सर्जन धरलं तरी ते 8 कोटी टनांच्या आतबाहेर आहे.

आणखी एक खोच. आपल्या त्या अहवालात एक टन मिथेन म्हणजे 21 टन कार्बन डायऑक्साइड धरलाय, न्यूझीलंड आता 28 धरतं. तेच माप लावलं तर आपले 22 कोटी 29 कोटींवर जातात. माप एक केल्याशिवाय तुलना करू नका. जंगलाने शोषलेला कार्बनही एका देशाचा वजा आणि दुसऱ्याचा तसाच, असं होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती: खूप आभार दादा, छेदाचं मी फळ्यावरच मांडीन. एक राहिलं. दर लिटर दुधामागे किती मिथेन, असा हिशेब काढतात. आमची जोडी दूध देत नाही. वखरणी, डवरणी, बंडी सगळं ओढते आणि वाचतं ते डिझेल. ते कोणत्या रकान्यात धरायचं? कुणी असा हिशेब घातला असेल तर रविवारच्या आधी नक्की कळवा. बाबा यावेळी पुढच्या रांगेत बसणार आहेत.