वर्गात कवितेची झेरॉक्स वाटली तर कॉपीराइटचा भंग होतो का?

मराठीच्या_बाई
मी संगमनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. पाठ्यपुस्तकाबाहेरची कविताही मुलांनी वाचावी म्हणून दर महिन्याला एक कविता झेरॉक्स करून वाटते, खाली चार-पाच प्रश्न. आता मुख्याध्यापकांनी ते थांबवायला सांगितलंय. दहा टक्क्यांहून जास्त छापलं तर दंड होतो, असं त्यांना कुणी तरी सांगितलं. सोळा ओळींच्या कवितेच्या दीड ओळीवर काय शिकवू? शिवाय स्नेहसंमेलनात एका हयात लेखकाची एकांकिका बसवतोय आणि या कवितांची पुस्तिका काढून ४० रुपयांना तालुक्यातल्या शाळांना विकावी, असाही विचार आहे. यातलं काय चालतं?

वाचनवेडा
खाली कवीचं नाव टाका, मग काही होत नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
बाई, झेरॉक्स थांबवू नका. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल म्हणजे भंग नव्हे, असं कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे. प्रश्नपत्रिकेत उतारा घेणं आणि उत्तरात तो लिहिणं यालाही तीच मुभा. दहा टक्क्यांची अट त्यात कुठेही नाही.

दिल्ली विद्यापीठाचा खटला मुख्याध्यापकांना जरूर सांगा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून दुकानदार मुलांना पानामागे काही पैसे घेऊन देत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. शिकवणं म्हणजे फक्त फळ्यापुढचा तास नव्हे, तासाची तयारी आणि नेमलेलं वाचनही त्यातच येतं, असं त्यांनी मानलं. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्द्यांवर पुरावा घ्यायला दावा पुन्हा उभा केला. पण पानांची मर्यादा घालायला नकार दिला. शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेतलं का, एवढंच पाहायचं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आम्ही ग्रंथालयात वर्षानुवर्षं भीतीपोटी मुलांना नकार देणारी माणसं पाहिली आहेत, म्हणून कळकळीने लिहितोय. कायद्याने दिलेली मुभा शाळेने आपणहून सोडून देऊ नये.

वाचनवेडा, नाव द्यायलाच हवं, पण नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. जिथे परवानगी लागते तिथे ती लागतेच.

एकांकिकेचं सोपं आहे. कलाकार शाळेतलेच विद्यार्थी-शिक्षक आणि प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर चालतं. मैदानात मांडव घालून गावाला बोलावणार असाल, तिकीट लावणार असाल किंवा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल, तर आधी लेखकाला पत्र लिहा.

पुस्तिकेचा बेत मात्र वेगळा. विकायला काढली की ते तुमच्या वर्गातलं शिकवणं राहत नाही. शैक्षणिक संकलनांसाठी वेगळी सवलत आहे, पण ती लहान उताऱ्यांपुरती. संकलनातला बहुतांश मजकूर हक्कमुक्त हवा आणि एका प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच उतारे घ्यायचे. अख्ख्या कविता त्यात बसवू नका. त्यापेक्षा हक्क संपलेले कवी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं मोजायची. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, त्यांच्या कविता निर्धास्त छापा. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. मूळ कविता मुक्त असली तरी कुणाच्या नव्या आवृत्तीतल्या टिपा किंवा प्रस्तावना उचलू नका.

बालकथा_लेखिका
माझी गोष्ट वर्गात वाचली तर मला आनंदच आहे, त्यासाठी कुणी विचारायलाही नको. दुखतं ते वेगळंच. माझी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत माझ्याकडेच आली. पानाचा खालचा भाग कापलेला, त्यात माझं नाव गेलेलं, आणि शेवटी कुणी तरी बोधाच्या दोन ओळी जोडलेल्या. त्या ओळी मी कधीच लिहिल्या नसत्या. बाई, कागदावर कवीचं पूर्ण नाव, संग्रह आणि प्रकाशक छापा, आणि कडव्याला हात लावू नका. पुस्तिकेत माझ्यासारखीचं काही हवं असेल तर एक पत्र पाठवा. कुठला मजकूर, किती प्रती, किंमत किती, एवढं लिहिलेलं असलं की आम्हाला हो म्हणणं सोपं जातं.

मराठीच्या_बाई
मनापासून आभार. पुस्तिकेत केशवसुत, बालकवी घेते आणि हयात कवींना पत्रं लिहिते. एक विचारायचं राहिलं. नववीत एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. तिच्यासाठी या कविता मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित करू का? पुढे तिला अख्खा कथासंग्रहही द्यायचा आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
खुशाल करा, अख्खा संग्रहसुद्धा. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी ही वाट मोकळी केली आहे. ध्वनिमुद्रण असो वा ब्रेल, परवानगी लागत नाही. नफा घ्यायचा नाही, फार तर खर्च वसूल करायचा. तेवढी ती फाइल सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, तिलाच द्या. सुरुवातीला लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव वाचा, आणि प्रत्येक कथेची वेगळी फाइल करा, म्हणजे तिला हवी ती गोष्ट पटकन सापडेल.