मानेत लाईन टाकली की गुठळी टाळायचं औषधही सुरू व्हायला हवं

नदीकाठ
माझ्या धाकट्या भावाला जीपीए आहे. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. त्याची सायनस आणि मूत्रपिंडं सापडली. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलायला मानेच्या शिरेत जाड कॅथेटर, म्हणजे नळी (लाईन), टाकला. सात वेळा प्लाझ्मा बदलून झाला, पुढेही पाच दिवस लाईन तशीच. 'असू दे, लागेल.' मग एका सकाळी मान आणि हात टम्म. डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी.

२००५च्या एका अभ्यासात या आजाराच्या १६७ रुग्णांपैकी १६ जणांच्या शिरांत गुठळ्या झाल्या, बहुतेक आजार भडकलेला असताना. म्हणजे रक्त आधीच गोठायच्या तयारीत, त्यात शिरेत नळी. मग लाईनबरोबरच हेपारिन, म्हणजे गुठळी टाळायचं औषध, का नाही? माझं मत ठाम आहे: प्रत्येकाला द्यावं.

रात्रपाळी
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण 'प्रत्येकाला' याला माझा विरोध. मी आयसीयूत सिस्टर आहे. याच आजारात फुप्फुसात रक्तस्राव होतो. श्वासाच्या नळीतून लाल फेस येताना मी पाहिलाय. त्या रात्री हेपारिन चालू असतं तर? शिवाय किडनीची बायॉप्सी असते, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणं; तिथेही रक्त वाहू शकतं. आणि प्लाझ्मा काढून त्याजागी अल्ब्युमिन हे प्रथिन भरलं की रक्त गोठवणारे घटकही निघून जातात.

नदीकाठ
त्याच्या फुप्फुसात रक्तस्राव नव्हता. बायॉप्सी लाईनच्या आधीच झाली होती. धोका तोलून 'नको' ठरवलं असतं तर मी गप्प बसले असते. इथे कुणी तोललंच नाही.

सुपारीबाग
दोघीही औषधावर भांडताय, मला आधी लाईनवर बोलायचंय. २०२०च्या पेक्सिव्हास चाचणीत ७०४ रुग्ण होते. प्लाझ्मा बदलल्याने मृत्यू किंवा किडनी कायमची निकामी होणं, हे एकत्र मोजता कमी झालं नाही. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड ही आजार दाबणारी औषधं तर हाताच्या साध्या सलाईनमधून जातं. मग मानेत नळी कशाला? आणि त्याऐवजी दंडातून पिक लाईन (छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब बारीक नळी) टाकू नका. तिच्यात गुठळ्या जास्त होतात, आणि उद्या डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली तर नेमकी तीच शीर गेलेली असते.

रात्रपाळी
इतकं सरसकट नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा वर्षभरात डायलिसिसवर जाणारे थोडे कमी दिसले, जंतुसंसर्ग मात्र वाढला. क्रिअॅटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) फार चढलेल्याला डॉक्टर प्लाझ्मा बदलायला सांगतात, ते उगाच नाही. पण शेवटच्या प्लाझ्मानंतरचे पाच दिवस, त्याचं समर्थन मी करणार नाही. आमच्या चार्टवर रोज एक रकाना असतो: 'लाईन आज हवी का?' घाईत तिथे नुसती टिक पडते. मीही मारली आहे.

नदीकाठ
आता किमान तीन महिने रक्त पातळ ठेवायचं आहे. 'प्रत्येकाला' हा शब्द मी मागे घेते. पण फुप्फुस कोरडं असेल, बायॉप्सी झाली असेल, तर 'का देत नाही' हे त्याच चार्टवर लिहावं लागलं पाहिजे. टिक नव्हे, कारण.